तोंडाला साबण

रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या डोक्याला शाम्पू होता, तोंडाला साबण होता आणि शॉवरमधून नुसतं 'फुस्स' येत होतं. टँकर आला नव्हता. स्वयंपाकघरातली कळशी मागितली, तर दाराबाहेरून उत्तर आलं, "अहो, ते पिण्याचं आहे!" मग एक डोळा मिटून, बर्मुडा-बनियन चढवून, खांद्यावर टॉवेल टाकून खाली उतरलो.

आमच्या कंपाउंडला लागून बावीस मजल्यांचे चार टॉवर होणार आहेत. अजून पायाच खणतायत, पण सेल्स ऑफिस तयार आहे आणि त्याच्या दारात धबधबा आहे. खराखुरा, सतत कोसळणारा. वाघोलीत! मी सरळ तिकडे वळलो.

टायवाला पोरगा आडवा आला. "वेलकम सर! फर्स्ट व्हिजिट?"

"मला जरा तोंड धुवायचंय."

"शुअर सर. टू बीएचके की थ्री?"

"बेसिन."

"सर, थ्रीमध्ये तीन बेसिन येतात."

माझ्या कानातून फेस गळत होता. त्याने फॉर्म पुढे केला. नाव, मोबाइल, बजेट. आमच्या प्रकल्पाबद्दल कुठून कळलं? म्हटलं, "बेडरूमच्या खिडकीतून. पहाटे साडेपाचला तुमचा ब्रेकर सुरू होतो." त्याने शांतपणे 'होर्डिंग'समोर टिक केली.

मग मॉडेल. काचेच्या पेटीत चार टॉवर, निळा स्विमिंग पूल, कुत्रा फिरवणारी प्लास्टिकची बाई. मी उघड्या डोळ्याने आमची बिल्डिंग शोधू लागलो. तिच्या जागी हिरवळ होती आणि स्पंजची सात झाडं.

"इथे आम्ही राहतो," मी म्हणालो.

"ओपन स्पेस आहे सर ती. तुम्हाला ग्रीन व्ह्यू मिळेल."

"अहो, दोनशे बारा कुटुंबं आहेत तिथे!"

"आर्टिस्टिक इम्प्रेशन आहे सर."

इतक्या अदबीने आजवर मला कुणी पुसून टाकलं नव्हतं. तरी बेसिनच्या आशेने सॅम्पल फ्लॅट पाहिला. मास्टर बेडरूम पाहिली, किड्स रूम पाहिली, कपाटांचे सॉफ्ट-क्लोज दरवाजे तीन वेळा मिटताना पाहिले. शेवटी एकदाचं बाथरूम आलं. चकचकीत नळ फिरवला. त्यातून फुस्सदेखील आलं नाही.

"डमी फिटिंग आहे सर. सॅम्पल ना!"

आमचं तरी वेगळं काय झालं? २०१३ साली अशाच एका पोराने आम्हाला असाच नळ दाखवला होता. करारनाम्याच्या कुठल्याशा पानावर 'पाणी उपलब्धतेनुसार' असं होतं, ते आम्ही टाइल्सचा रंग निवडायच्या नादात वाचलंच नाही. ३० जून २०२१ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात वाघोलीही गेली. आम्ही पेढे वाटले. मिळकतकराचं बिल घर शोधत बरोबर आलं. पाण्याला अजून पत्ता सापडलेला नाही. पावसाळ्यात पेपरात येतं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. पेठेतले लोक हा आकडा स्वतःच्या एफडीसारखा सांगतात. आम्ही तो चुलतभावाच्या पगारासारखा ऐकतो. मेंटेनन्समधला निम्मा पैसा टँकरवर जातो, पावसात चेंबर उलटे वाहतात, नगर रोडवर सिग्नलपर्यंत पोचायला अर्धा तास लागतो, आणि आता त्याच रस्त्यावर, त्याच चेंबरांवर आणखी चार टॉवर! परवानगी देणाऱ्याने एकदा, फक्त एकदा, इथे शाम्पू लावून उभं राहून दाखवावं.

बाहेर आलो तर आमचा टँकर. १०,००० लिटरचा, ओळखीचा, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेला. मी धावलो. तो शांतपणे धबधब्याच्या गेटात वळला. ड्रायव्हरने काच खाली केली. "साहेब, हे दोनशे जास्त देतात. तुमचा बारानंतर."

मी धबधब्यात हात घालणार तोच वॉचमनने शिट्टी मारली. "फोटो काढा साहेब, पाण्याला हात नको."

शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीतल्या आजोबांनी माठातलं तांब्याभर गार पाणी दिलं. रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन मी तोंड धुतलं. नव्या टॉवरच्या नावाने चार शिव्याही घातल्या. आजोबा सुपारी कातरत ऐकत होते.

"खरं हाय," म्हणाले. "तुमची बिल्डिंग आली तवाच आमची हीर आटली."

मग काय बोलणार? टॉवेल सावरून घरी आलो. तेव्हापासून त्या पोराचे पाच फोन आलेत, व्हिजिट कशी वाटली म्हणून. गडबडीत आजोबांचा तांब्याही माझ्याबरोबर आला. परत द्यायचाय, पण अंघोळ करून जावं म्हणतो.