पन्नास हजार गाण्यांचा हिशेब

6 फेब्रुवारीला, लताबाईंच्या स्मृतिदिनी, दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात भजनी मंडळाने लावलेल्या फलकावर ‘36 भाषांत 50 हजार गाणी, गिनीज बुकातील आजही अबाधित विश्वविक्रम’ असे लिहिले होते. हाच मजकूर गावोगावच्या मोबाइलवर फिरतो आणि रफीसाहेबांनी मत्सरापोटी या विक्रमावर आक्षेप घेतला, असेही त्याला जोडलेले असते. ज्या आवाजाच्या सोबतीने मी लहानाचा मोठा झालो, त्या आवाजाविषयी हे सांगितले जात असल्यानेच ते खोडून काढणे मला माझे काम वाटते.

आधी आकडा पाहू. गिनीज बुकाच्या 1974 च्या आवृत्तीत 1948 पासूनची किमान 25 हजार गाणी लताबाईंच्या नावे नोंदली गेली, पुढे त्याचे 30 हजार झाले, आणि 50 हजार हा आकडा तर लोकांनीच वाढवत नेलेला आहे. पण 25 हजार तरी शक्य होते का? 26 वर्षांत 25 हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक गाणी. त्या काळी हिंदीत वर्षाकाठी साधारण शंभर-सव्वाशे चित्रपट निघत आणि एका चित्रपटात सरासरी आठ गाणी धरली, तरी साऱ्या हिंदी चित्रपटसृष्टीची वर्षाची गाणी आठशे ते हजार भरतात. म्हणजे शमशाद बेगम, गीता दत्त, आशाबाई, रफी, मुकेश, किशोर, मन्ना डे यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरू नये! मराठी, बंगाली आणि खासगी गाणी मिळवली तरी हे अंतर भरून निघत नाही. शिवाय तेव्हा वादकांचा ताफा आणि गायिका एकाच वेळी ध्वनिमुद्रणाला उभे राहत, एखाद्या वादकाचा सूर चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. अशा पद्धतीत रोज अडीचहून अधिक गाणी, तीही सव्वीस वर्षे एकही दिवस सुट्टी न घेता, ध्वनिमुद्रित होणे कसे शक्य आहे?

ज्यांनी चित्रपटागणिक, तबकडीगणिक नोंदी केल्या, त्या कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांच्यासारख्या संकलकांचे काम पाहिले, तर लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास येतात. हे काम किती किचकट, ते लग्नाच्या मांडवात भोंगे लावणाऱ्या माझ्या मामांच्या पेटीतील तबकड्या हाताळताना मला कळले. एका तबकडीवर गायकाचे नाव, दुसरीवर नुसते चित्रपटाचे. 1949 च्या ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’च्या पहिल्या तबकड्यांवर तर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. असे एकेक नाव पडताळून जमवलेल्या यादीसमोर गोल आकडा टिकत नाही. स्वतः लताबाईंनीही आपण गाण्यांची नोंद ठेवली नसल्याचे आणि गिनीजला हा आकडा कोठून मिळाला ते ठाऊक नसल्याचे सांगितले होते.

विक्रम ‘आजही अबाधित’ असल्याचे म्हणणेही चुकीचे आहे. ती नोंद 1991 मध्येच वगळण्यात आली. 2011 मध्ये गिनीजने आशाबाईंची, तर 2016 मध्ये 17,695 गाण्यांसाठी दक्षिणेतील गायिका पी. सुशीला यांची नोंद घेतली. भाषांचे म्हणाल, तर 1974 च्या त्याच नोंदीत 20 भाषा होत्या, 36 नव्हे.

राहिला रफीसाहेबांवरील आरोप. आकड्याचा आधार विचारणे म्हणजे मत्सर नव्हे, आणि वरील हिशेब पाहता त्यांची शंका रास्तच होती. मात्र त्यांच्या चाहत्यांनीही त्यांच्या नावे 28 हजार गाण्यांचा आकडा मिरवू नये, कारण तो याच हिशेबाने कोसळतो. त्यांचीही हिंदी चित्रपटगीते संकलकांच्या मोजणीत पाच हजारांच्या आतबाहेरच आहेत. आमच्या गावात दोघांचेही निस्सीम भक्त आहेत आणि या खोट्या चढाओढीपायी त्यांनी पारावर एकमेकांशी अबोला धरावा, याचे मला वाईट वाटते.

पाच हजार गाणी सलग ऐकायची म्हटली, तर रोज दोन ऐकूनही जवळपास सात वर्षे लागतील. पुढच्या 6 फेब्रुवारीच्या फलकावर ‘सुमारे पाच हजार हिंदी चित्रपटगीते, शिवाय मराठी, बंगाली व इतर भाषांतील गाणी’ एवढेच लिहावे, अशी लेखी विनंती मी मंडळाला केली आहे, आणि मामांची पेटी त्या दिवशी मांडवात ठेवण्याचेही कबूल केले आहे.