डोमेन बदलल्याने ब्रँड बुडत नाही, जुनं डोमेन सोडल्याने बुडतो

सांगलीच्या हळद-बेदाणा व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, बदललं की गूगल तुम्हाला शून्यावर आणतं, डोमेन म्हणजेच ब्रँड, तरी बदलायचंच असेल तर दोन-तीन अक्षरांचं घ्या, शेवटी .कॉम नसलं तरी चालतं. आणि जुन्या डोमेनवर फुकट पैसे घालू नका. मी इथल्या व्यापारी पेढ्यांच्या वेबसाइट बनवतो, म्हणून उत्तर देतोय. त्यातला शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे.

गूगलचं आधी घेऊ. जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवायची सोय असते, तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. तिच्यामुळे पेजरँक, म्हणजे पानाचं महत्त्व मोजायचं गूगलचं माप, घटत नाही, हे गूगलच्या गॅरी इलिस यांनी २०१६ मध्येच जाहीरपणे सांगितलंय. वेबसाइटच्या मालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल आहे, त्यात पत्ता बदलल्याची नोंद करायची वेगळी सोयही आहे. काही आठवडे क्रमांक खाली-वर होतो, हे खरं. म्हणून हळदीचे सौदे रंगात असताना हे काम काढू नये, पावसाळ्यात उरकावं. घोळ होतो तो आळसाने. जुनी सगळी पानं एकाच मुख्य पानाकडे वळवली जातात. राजापुरी हळदीच्या पानावर येणारा माणूस नव्या साइटच्या राजापुरी हळदीच्याच पानावर पोचला पाहिजे.

‘डोमेन म्हणजेच ब्रँड’ हेही पटत नाही. ट्विटरने नाव आणि चिन्ह बदललं जुलै २०२३ मध्ये, पण वेबसाइट पूर्णपणे एक्स.कॉमवर गेली मे २०२४ मध्ये. मधले दहा महिने नाव नवं आणि पत्ता जुना, असंच चाललं. लोक गोंधळले ते नाव बदललं तेव्हा. पत्ता बदलला तेव्हा फारशी हाक ना बोंब. फेसबुक तर आधी ‘दफेसबुक’ होतं. २००५ मध्ये २ लाख डॉलर मोजून त्यांनी आजचं डोमेन घेतलं. आपल्याकडे माल ओळखला जातो पोत्यावरच्या नावाने, अडत्याच्या शब्दाने. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मालाच्या गुणावर. तुमचं नाव तेच राहणार असेल, तर पत्ता बदलल्याने ते पुसलं जात नाही.

छोट्या नावाच्या मोहाबद्दल एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीने ३.५ लाख डॉलर देऊन ‘ओ.को’ हे डोमेन घेतलं आणि २०११ मध्ये त्याच नावाने जाहिराती केल्या. लोक सवयीने ‘ओ.कॉम’ टाइप करू लागले. त्याच वर्षी कंपनीला जुन्या नावाकडे वळावं लागलं. फोनवर एकदा सांगितलं की कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याला आणि इंदूरच्या खरेदीदाराला बिनचूक लिहिता यावं, असं नाव घ्या. मग ते थोडं लांब असलं तरी हरकत नाही.

आता जुन्या डोमेनचं. नूतनीकरणाला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये लागतात. ते वाचवायला गेलात तर काय होतं बघा. नूतनीकरण न झालेलं .कॉम रद्द झालं की ३० दिवस ते जादा दंड भरून सोडवता येतं, पुढच्या ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. घेणारा त्यावर जुगाराची साइट टाकू शकतो, आणि तुमच्या छापील पाकिटांवर, पावत्यांवर पत्ता तोच! त्याहून वाईट म्हणजे ईमेल. त्या डोमेनवरच्या पत्त्यांना येणारं सगळं नवा मालक स्वतःकडे घेऊ शकतो: खरेदीदारांच्या ऑर्डरी, बिलं, पासवर्ड बदलायच्या लिंका. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. मी म्हणतो, पेढी आहे तोवर जुनं डोमेन सोडूच नका.

आणि नवं नाव शोधण्याआधी आजचं डोमेन कोणाच्या खात्यावर आहे ते बघा. बऱ्याचदा वेबसाइट करून देणाऱ्या पोराने ते स्वतःच्याच खात्यावर घेतलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला गेला की मुदत संपल्याची सूचना पेढीवर पोचतच नाही. ते आधी पेढीच्या खात्यावर आणा. त्या खात्याला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडलं की ते सोडवायचा निरोपही त्याच बंद पत्त्यावर जाईल.