ऑक्टोपसला हात लावू नका, नुसतं बघा

बरणीचं झाकण उघडणाऱ्या ऑक्टोपसचा व्हिडिओ आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच, आणि खाली 'बापरे, किती हुशार!' सुरू होतं. २०१० मध्ये जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने फुटबॉल विश्वचषकाचे आठ निकाल बरोबर काढले, तेव्हाही असंच. तो तर निव्वळ योगायोग, पण गाजला तोच. आपल्याला जमतं ते त्याला जमलं की आपण त्याला पास करतो!

मला विचाराल तर त्याची खरी कमाल कातडीत आहे. तिच्यात रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात. भोवतीचे स्नायू आखडले की पिशवी ताणून रंग पसरतो, सैल पडले की ठिपका मिटतो. या स्नायूंना हुकूम थेट मेंदूकडून येणाऱ्या नसांमधून मिळतो, म्हणून सगळं काम सेकंदाच्या आत उरकतं. शिवाय गुळगुळीत अंगावर हवे तसे उंचवटे आणता येतात. एवढं करून बहुतेक ऑक्टोपस चक्क रंगांधळे! डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा एकच प्रकार. न दिसणारा रंग अंगावर कसा उतरतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. २०१५ मध्ये कातडीतच प्रकाश ओळखणारी प्रथिनं सापडली, पण तेवढ्याने कोडं सुटलेलं नाही. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश तर हातांमध्येच असतात. आता काढा त्याचा बुद्ध्यांक!

आम्हा बडोदेकरांचा समुद्री जिवांशी संबंध म्हणजे कमाटी बागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. म्हणून जामनगरजवळच्या नराऱ्याला मुद्दाम गेले. देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा (१९८२) हा भाग. ओहोटीला पायी फिरता येतं. घोटाभर पाण्यात उभी होते. समोर शेवाळलेला दगड. त्याच्या कडेला एक भोक हळूच उघडत होतं, मिटत होतं. दगड श्वास घेत होता! मग आडव्या चिरेसारखी काळी बाहुली दिसली, आणि त्यानंतरच आख्खा प्राणी.

तेवढ्यात शेजारच्या घोळक्यातल्या एकाने त्याला उचललंच. तो पांढराफटक पडला, मग काळवंडला, शाई सोडली. 'जुओ जुओ, रंग बदले छे!' सगळे मोबाइल वर. अहो, तो घाबरलाय! बघण्यासारखं होतं ते दगडावरच होतं, आणि ते कुणीच बघितलं नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला सुखदुःख जाणवणाऱ्या प्राण्यांमध्ये धरलंय. आपण निदान हात तरी आवरू.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी बघा, आणि गाइडला निघतानाच बजावून ठेवा: बोटाने दाखवायचं, उचलायचं नाही. फोटो नाही आला तर नाही आला.