हवाबंद घरात कूलर कसा चालवायचा, तेही सांगा

नागपुरात मामींकडे गेलो, तर हॉलमध्ये थर्माकोलच्या वीस शीट भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मोबाइलवर फिरणारा तो निरोप मलाही चारदा आलाय: सगळ्या खिडक्यांना डबल काच बसवा, फटी बुजवून घर हवाबंद करा, छताला आतून थर्माकोल चिकटवा, काचांना काळी फिल्म लावा. घर दहा डिग्रीनं थंड, खर्च एका उन्हाळ्यात वसूल!

‘काहून, खोटं आहे का? सगळ्यांनाच तर आलं ते,’ मामी म्हणाल्या.

आधी थर्माकोल, कारण मामी सुरुवात स्वयंपाकघरापासून करणार होत्या. बरोबर गॅसच्या डोक्यावर. थर्माकोल शंभर डिग्रीच्या आसपासच मऊ पडतो. पेटला की वितळून जळते थेंब खाली टपकतात आणि काळा विषारी धूर खोलीभर होतो. पॅकिंगच्या स्वस्त शीटमध्ये आग रोखणारं रसायन सहसा नसतंच. निरोप लिहिणाऱ्याला याची कल्पना नसेल असं मी धरतो; असेल तर जास्तच वाईट.

थर्माकोल उष्णता अडवतो, हे मात्र खरं. एवढं श्रेय देतो. पण मामींनी आणलेल्या शीट अर्ध्या इंचाच्या. काम नीट करायचं तर दोनेक इंच जाडीचा, बांधकामासाठीचा थर स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंग करून, फरशीखाली घालतात. मग स्लॅबच तापत नाही. आतून चिकटवला तर स्लॅब दिवसभर भाजत राहतो, आणि पावसाळ्यात गळती कुठून होतेय तेही दिसत नाही.

हे माझं मत नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची ‘इको निवास संहिता’ २०१८ पासून आहे. छतातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती सांगते. आपल्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून तीनच्या वर येते. म्हणजे पैसा घालायचाच तर आधी छतावर.

आता हवाबंद घर. मामींकडे एसी नाही, दोन कूलर आहेत. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. ती दुसऱ्या खिडकीनं बाहेर गेली तरच गारवा. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावून बघा, तासाभरात अंथरूण चिकट होतं. नागपुरात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं! तीच संहिता नागपूरसारख्या संमिश्र हवामानात खिडक्यांचा उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के हवा म्हणते. फटी बुजवण्याचा सल्ला एसीच्या खोलीपुरता ठीक आहे.

डबल काच थंड देशांत घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपलं दुखणं ऊन आहे. साध्या एका काचेतून उन्हाची ऐंशी टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते, साध्या दोन काचांतून सत्तरच्या. रस्त्याचा आवाज कमी होतो, ते वेगळं. काळी फिल्म ऊन शोषून काचच तापवते. ऊन काचेवर पडण्याआधी बाहेर अडवा: पश्चिमेच्या खिडकीला बांबूची चिक, वाळ्याची ताटी, हिरवी जाळी, काहीही. दक्षिणेच्या खिडकीवर तर मे महिन्यात खर्चच नको. शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथं थेट डोक्यावर असतो, छज्जा पुरतो.

राहिली वसुली. दोन कूलर, प्रत्येकी दोनशे वॅट, रोज दहा तास: चार युनिट. शंभर दिवसांचे चारशे. युनिटला दहा रुपये धरले तरी चार हजार. फॅब्रिकेटरनं मामींना डबल काचेचे दोन लाख सांगितलेत. कूलरचं बिल शून्यावर आलं तरी पन्नास उन्हाळे. मामी अडुसष्टच्या आहेत.

तूर्त गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारायचे ठरलंय. दरवर्षी मारावे लागतील, पण खर्च झेपणारा आहे. दुकानदार शीट परत घेत नाही. ‘गणपतीच्या मखराला होतील,’ मामी म्हणाल्या. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही.