अंगावर नाव रंगवलेलं ‘अवजार’
ऑपरेटर आणि त्याचा रोबो यांच्यातली जवळीक प्रश्नावलीने मोजता येते, हे एका लेखातलं म्हणणं मला अपुरं वाटतं. वॉशिंग्टन विद्यापीठात ज्युली कार्पेंटर यांनी अमेरिकी लष्करात रोबोच्या मदतीने बॉम्ब निकामी करणाऱ्या २३ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या (२०१३). सगळे म्हणायचे, रोबो म्हणजे अवजार. पण त्यातलेच काही त्याला बायकोचं नाव देत, ते त्याच्या अंगावर रंगवत. तो स्फोटात गेला की ‘बिचारा’ म्हणून हळहळत. आणि रोबोच्या चालीवरून तो कोण चालवतंय हे ओळखत! हे आकड्यांत कसं बसवणार? पुण्यात डीआरडीओने घडवलेला ‘दक्ष’ हा बॉम्ब निकामी करणारा रोबो आपल्या लष्कराकडे आहे. तो चालवणाऱ्या जवानांशीही कुणीतरी असंच निवांत बसून बोलायला हवं.