निपाणीकर दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर, आणि फ्यूजच्या जागेबद्दल

निपाणीकर दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी उजेडात बॉनेट उघडून पुन्हा वाचली. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस एवढ्या कळकळीनं लिहितो तेव्हा दोन ओळीत आभार मानून सुटणं बरं नव्हे. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मी माझा पाच वॉटचा हॅम हँडसेट (हौशी रेडिओचा, वॉकीटॉकीसारखा हातात धरायचा सेट) गाडीत बॅटरी एलिमिनेटरवर चालवतो. हँडसेटची बॅटरी काढायची, तिच्या जागी त्याच आकाराचा डबा बसवायचा आणि त्या डब्याला गाडीचा करंट द्यायचा, असा तो ॲडॉप्टर. सोबत आलेली लायटर सॉकेटची पिन मी कापून टाकली आणि थेट गाडीच्या बॅटरीपासून अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर आत आणली. त्यावर तुम्ही लिहिलंत: "फोटोत फ्यूज रेडिओजवळ दिसतोय, बॅटरीजवळ नाही. तुम्ही लोकांना गाडी पेटवायला शिकवताय. दीड अँपिअरच्या खेळण्याला एवढी जाड वायर कशाला? डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधून घेतलं असतं तर पत्र्याला भोकसुद्धा पाडावं लागलं नसतं. आणि परवान्याचा एक शब्द नाही."

पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, चूक माझी आहे. ती कशी झाली हे सांगतो, कारण अशी चूक बरेच जण करतात. एलिमिनेटरची स्वतःची वायर बारीक, सुतळीएवढीसुद्धा नाही. ती जळू नये म्हणून तिच्या सुरुवातीलाच मी तीन अँपिअरचा फ्यूज लावला. तो लावणं बरोबरच होतं. पण बॅटरीपासून तिथपर्यंतची सुमारे दोन मीटर जाड वायर बिनफ्यूजची राहिली. फ्यूज असतो वायरीसाठी, रेडिओसाठी नव्हे, हे वाक्य मीच लेखात लिहिलं होतं आणि माझ्याच गाडीत अर्ध्या वायरीला ते लावलं नव्हतं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून जाणारा तुकडा नेमका त्याच अर्ध्यात येतो. खानापूर-जांबोटी रस्त्यावर वर्षभर गाडी हादरली, भोकाची धार झाकणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, सरकलं आणि पत्र्याची धार वायरीच्या प्लास्टिकमध्ये शिरली तर? जी बॅटरी स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर सहज देते, ती ते सगळे त्या वायरीत ओतेल. रेडिओजवळचा तीनचा फ्यूज शाबूत राहील आणि बॉनेटखाली वायर लाल होईल.

आज सकाळी दुरुस्त केलं. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत दहा अँपिअरचा ब्लेड फ्यूज, झाकणवाल्या होल्डरमध्ये. तिथून अडीच एमएमची वायर आत, आणि जिथं बारीक वायर सुरू होते तिथं तीनचा फ्यूज पूर्वीसारखाच. जिथं वायर बारीक होते तिथं तिच्या बेताचा नवा फ्यूज हवा, हे आता लेखातही घातलंय आणि फोटो बदललाय. जुना फोटो पाहून कुणी काम केलं असेल तर कृपा करून आजच बॉनेट उघडा.

जाड वायरीच्या दुसऱ्या मुद्द्याला अर्धी मान्यता. हिशेब मांडू. पाऊण एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २५ मिलीओहम. जाऊन-येऊन सहा मीटर धरले तर ०.१५ ओहम, दीड अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. म्हणजे हँडसेटपुरतं तुमचं म्हणणं खरं, पाऊण एमएम पुरते. पण मला पुढंमागं डॅशबोर्डखाली मोठा मोबाईल सेट बसवायचाय. ५० वॉटचा सेट बोलताना दहा अँपिअरच्या वर ओढतो. त्याला पाऊण एमएम दिली तर तेवढ्याच अंतरात दीड व्होल्ट वायरीतच जाईल, सेट बोलायला लागला की मलूल होईल आणि वायर कोमट होईल. अडीच एमएममध्येही अर्धा व्होल्ट जाईल, म्हणून तेव्हा चार एमएम ओढणार आणि फ्यूजही त्या हिशेबानं बदलणार. ग्रोमेटमधून वाट एकदा नीट करून ठेवली की पुन्हा पत्र्याशी झटापट नको, एवढाच विचार.

फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून घेणं हा फक्त हँडसेट वापरणाऱ्यांसाठी माझ्यापेक्षा चांगला मार्ग आहे. भोक नाही, वायर हातभर, आणि चावी काढली की करंट बंद. हा शेवटचा फायदा मोठा आहे. थेट बॅटरीवरचा सेट चालू राहिला तर नुसता ऐकत बसूनही ८० मिलीअँपिअर खातो. दिवसाला दोन अँपिअर-तास. आठवडाभर गाडी उभी राहिली तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले चौदा गेले, आणि पावसाळ्यातल्या थंड सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. मी म्हणून इग्निशनवर चालणारा रिले, म्हणजे चावी फिरवली की करंट जोडणारा स्विच, घातलाय. लेखात तो एका ओळीत उरकला होता, आता चित्र काढून टाकतो.

पण दादा, "सॉकेटला लावलं असतं तर काय बिघडलं असतं" हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. त्याचं कारण मी लेखात सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो.

गेल्या वर्षी याच एलिमिनेटरची पिन सॉकेटमध्ये घालूनच मी कणकुंबीला निघालो होतो. जांबोटी सोडून जंगल लागलं आणि गाडीत कढत प्लास्टिकचा वास. पावसाची झड, काचा बंद. बाजूला घेऊन पाहिलं तर बारीक वायर सीटच्या पट्टीत सापडलेली, सीट मागंपुढं करताना सोललेली. रंग दिलेल्या पट्टीला चारदोन तारा घासत होत्या, म्हणजे पुरता शॉर्ट नाही. वायर हाताला चटका देण्याइतकी तापलेली, आणि सॉकेटचा पंधरा अँपिअरचा फ्यूज मात्र ठणठणीत. त्याच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं.

घरी येऊन पिनेचं टोक फिरवून उघडलं. अशा पिनेत टोकाखाली काचेचा छोटा फ्यूज असतो. माझ्या पिनेत फ्यूजच्या मापाची पितळी कांडी होती. दोन्ही टोकांना स्प्रिंग, मध्ये भरीव पितळ. ती कांडी मी अजून टेबलावर ठेवलीय. ज्यांच्याकडं असा ॲडॉप्टर आहे त्यांनी पिन उघडून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे. काच दिसली आणि आत केसासारखी तार दिसली तर ठीक.

त्याच वेळी एलिमिनेटरचा डबाही उघडला होता. स्वस्तातल्या डब्यात एक साधा लिनियर रेग्युलेटर असतो. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट येतात, सेटला हवेत आठ, मधले सहा व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. दीड अँपिअरला नऊ वॉट. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची तिसरा हिस्सा उष्णता त्या बंद प्लास्टिकच्या डब्यात. दोन वाक्यं बोलून सोडलं तर चालतं, सलग बोलत राहिलात तर डबा हातात धरवत नाही. स्विचिंगवाला डबा (करंट वेगानं चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारा) तापत नाही, पण त्याचा खरखराट ऐकण्यात येतो आणि दूरचा बारीक सिग्नल त्याखाली बुडतो. मी स्विचिंगवाला घेतला आणि वायरीला फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) मण्यातून तीन वेढे दिले. खरखर पुष्कळ उतरली, पूर्ण गेली नाही.

मायनसबद्दल तुम्ही विचारलंत की ती बॅटरीच्या टर्मिनलवर का नेली. तीही आता हलवलीय, जवळच्या बॉडी अर्थवर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर, रंग खरवडून, वायरीच्या टोकाला लग (धातूची चकती) दाबून. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घालून वायर लावली तर बॅटरीचा हिशेब चुकतो. शिवाय इंजिनची अर्थिंगची पट्टी ढिली झाली तर स्टार्टरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि छतावरच्या अँटेनाच्या केबलमधून, रेडिओतून, माझ्या मायनस वायरीतून ती वाट सापडू शकते. बॉडीवर घेतली की तो धोका टळतो.

अँटेनाचं खूप लिहिण्यासारखं आहे, वेगळा लेख करीन. इथं एवढंच, की गाडीच्या पत्र्यात बसून हँडसेटच्या रबरी शेपटीसारख्या अँटेनावर बोलणं म्हणजे बराचसा पॉवर गाडीतच ठेवणं. छताच्या मध्यावर चुंबकाची, अर्ध्या मीटरची क्वार्टर-वेव्ह (लहरीच्या पाव लांबीची) अँटेना लावा. केबल मागच्या दाराच्या रबरातून आणा, पुढच्या खांबावरून नको, तिथं पडद्याची एअरबॅग असू शकते.

परवान्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. हॅमची परीक्षा देऊन दूरसंचार खात्याचा परवाना आणि कॉलसाईन (हवेतली स्वतःची ओळख-खूण) मिळाल्याशिवाय १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलणं गुन्हा आहे, सेट ऑनलाइन कितीही सहज मिळाला तरी. हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घातलंय. आपल्या भागातले लोक विचारतात म्हणून सांगतो: परवाना केंद्राचा असतो. सकाळी बेळगावातून निघून चोर्ल्याच्या घाटानं गोव्यातल्या साखळीला उतरलात, किंवा महाराष्ट्रातल्या चंदगडला जाऊन आलात, तरी राज्य बदललं म्हणून वेगळा कागद लागत नाही.

आणि "मोबाईलच्या जमान्यात हे कशाला" हे तुम्ही रागात लिहिलं असणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या निपाणीजवळ महामार्गावर पाणी चढलं, वाहनांच्या रांगा लागल्या, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. चोर्ल्याच्या घाटात आजही मोबाईलची रेंज गेली की जाते. त्या वेळी गाडीतला सेट चालू राहिला पाहिजे, आणि त्यासाठी त्याची वायर आधी जळता कामा नये. म्हणून तुमची प्रतिक्रिया मला मोलाची वाटली.

एक विचारायचं राहिलं. ब्लेड फ्यूजच्या होल्डरमध्ये पावसाळ्यात हिरवा गंज चढतो. तुम्ही ग्रीस भरता की होल्डर उलटा टांगता? येत्या रविवारी निपाणीला येणं आहे. तुमचं गॅरेज उघडं असेल तर गाडी घेऊन येतो, नवं काम एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे.