गडबड, गोंधळ आणि चाओस

इंग्रज माणूस एवढा शिस्तीचा म्हणतात, मग त्याच्या भाषेत पसारा, धांदल, घालमेल ह्यांना ढिगानं शब्द कशाला लागतात हे मला काय कळत नाही बघा. आमची पोरगी नववीला, इंग्लिश मीडियम, आणि टीचरनी यादी दिली, केऑस, बेडलम, शॅम्बल्स, पॅन्डमोनियम, क्वीझी, अजून काय काय, प्रत्येकाचं एक वाक्य करायचं आणि तेसुद्धा रोजच्या जगण्यातलं. म्हटलं ह्यांना आमच्या घरचा पत्ता कुणी दिला!

आणि अभ्यासाची वेळ कुठली तर सकाळी शाळेला निघताना. डबा अर्धा झालाय, रिक्षावाले मामा खाली हॉर्न मारतायत, टाय सापडत नाही, सासूबाईंना दुसरा चहा पाहिजे आणि ही ओट्यापाशी उभी राहून विचारतेय, "मम्मी, चाओस म्हणजे काय गं?" चाओस नव्हे बाई, केऑस. "मग त्यात सी-एच कशाला?" आता हे काय मी घातलंय? तेवढ्यात गॅस गेला. निळी ज्योत दोनदा भुकभुकली आणि गप्प, चपाती तव्यावर एका अंगानं कच्ची. मजा म्हणजे गॅस हा शब्द केऑसवरूनच आलाय, १७ व्या शतकात व्हान हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञानं केलेला, पण त्या वेळेला हे सांगितलं असतं तर ह्यांनी रिकामा सिलेंडर माझ्या डोक्यात घातला असता.

संध्याकाळी निवांत बसून बाकीच्यांची कुंडली काढली तर एकेकाचं खानदान बघण्यासारखं. बेडलम म्हणजे लंडनचं बेथलेम हॉस्पिटल, १२४७ चं, पुढं ते वेड्यांचं झालं आणि लोक तिथं मजा बघायला जायचे. शॅम्बल्स म्हणजे खाटकांचा बाजार, यॉर्कमध्ये त्या नावाची गल्ली अजून आहे, आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीसारखी गच्च, फक्त टुरिस्टांनी भरलेली असणार. पॅन्डमोनियम मिल्टन नावाच्या इंग्रज कवीनं १६६७ मध्ये काढला, नरकाच्या राजधानीचं नाव म्हणून. आता बेळगावच्या माणसाला राजधानीचं काय कौतुक, कर्नाटक विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनापुरते आम्हीपण राजधानीच असतोय की, तेव्हा रस्त्यावर निघून बघा म्हणजे मिल्टनला काय म्हणायचं होतं ते कळतंय.

पोरीनं मात्र कन्फ्यूजनचं वाक्य कुणाला न विचारता केलं. इंग्रजीत लिहिलेलं, अर्थ असा की काकाच्या लग्नानंतर आम्ही घरी कन्फ्यूजन ठेवलं होतं, संबळ वाजवायला माणसं बोलावली होती आणि सगळ्यांना जेवण होतं. बरोबरच आहे, आमच्यात गोंधळ पैसे देऊन घालतात! टीचरनी लाल पेनानं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

क्वीझीवर, म्हणजे मळमळल्यासारखं, अस्वस्थ वाटण्यावर, गाडी अडली आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "कसंतरीच हुतंय." हे वाक्य ज्या घरात ऐकलंय त्यांनाच त्याची दहशत माहीत. हॉस्पिटलात डॉक्टर मैसूरकडचा, तरणा पोरगा, कन्नड आणि इंग्रजी सोडून तिसरी भाषा नाही. "एनागत्तिदे अज्जी?" अज्जी म्हणाल्या, कसंतरीच. दुखतंय? न्हाई. उलटी? न्हाई गा. चक्कर? तसं नव्हं. मग त्यांनी सविस्तर सांगितलं, पोटात कालवतंय, जीव वरखाली हुतोय, कशात मन लागंना, आणि हे सगळं पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार, "अनईझी" म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि इसीजी सांगितला. साठीच्या पुढच्या बाईला अनईझी म्हटलं की इसीजी ठरलेला, त्याचं काय चुकलं म्हणा.

वायरी लावता लावता गावातली सिस्टर त्याला म्हणाली, "कसिविसि अंत, सर." डॉक्टरचा चेहरा उजळला. आणि सासूबाई वायरींसकट उठून बसल्या, "त्येच की! कासावीस! मगाधरनं काय सांगतोय मी!" सीमाभागात एवढं झटपट एकमत मी कधी बघितलं नव्हतं. इसीजी चांगला आला. कारण नंतर बाहेर पडलं, पुण्याच्या नणंदेनं रविवारी फोन केला नव्हता.

येताना उन्हाचं आइस्क्रीमच्या दुकानात शिरलो. सासूबाईंनी मेनू बघितलासुद्धा नाही, "मला गडबड." आमच्या कर्नाटकात गडबड उंच ग्लासात मिळते, आइस्क्रीम, फळं, जेली, वर ड्रायफ्रूट, आणि लांब चमच्यानं खातात. कासावीस बाईनं तळाची जेलीपण खरवडून काढली. हे एका हातात हॉस्पिटलचं बिल आणि दुसऱ्या हातात इथलं बिल धरून बसलेले, पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही क्वीझी दिसताय, हेच वाक्य लिहू?"

सासूबाईंनी चमचा चाटून ठेवला. "लिही की. आणि त्या पोराला हाक मार, अजून एक सांगायची का म्हणून इचार तुझ्या पप्पाला."